ऊर्जेचा ताळेबंद: उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाची पार्श्वभूमी

नाशिक रोडजवळच्या एकलहरे औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. अशा संचात कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागाची वीज होते आणि उरलेली उष्णता धुराड्यातून व थंड करण्याच्या पाण्यावाटे हवेत जाते. परंतु संचाचा ताळेबंद मांडणारा अभियंता या सर्व बाजूंची बेरीज कोळशातील ऊर्जेइतकी येईल असे धरूनच चालतो, आणि ती न आल्यास मोजमापातील चूक शोधू लागतो. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हाच उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचा गाभा. त्यावर असा भरवसा बाळगण्याइतका पुरावा हाती यायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

त्याआधी उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा वजनरहित द्रव मानला जात असे. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवून वितळलेल्या बर्फाची तुलना त्याने उच्छ्वासातून सोडलेल्या वायूशी केली आणि श्वसन हे एक मंद ज्वलन आहे, असे दाखवले. पुढे १७९८ मध्ये काउंट रमफर्ड यांनी म्युनिक येथे तोफेची नळी कोरताना होणाऱ्या घर्षणातून उष्णता अखंड निघत राहते हे दाखवल्यावर द्रवाच्या कल्पनेला तडा गेला. तरीही कार्नो यांनी १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनाचे विवेचन केले, ते कॅलरिकचा आधार घेऊनच.

निर्णायक विचार सुचला तो एका जहाजावरील डॉक्टरला. युलिउस रॉबर्ट मायर १८४० मध्ये जावा बेटावर पोहोचले असता खलाशांच्या शिरांतील रक्त त्यांना अपेक्षेपेक्षा लालभडक दिसले. उष्ण हवेत शरीर ऊबदार ठेवायला कमी ज्वलन पुरते, म्हणून रक्तातील ऑक्सिजन कमी खर्च होतो, असा अर्थ लावून ते उष्णता आणि श्रम यांच्या परस्पर मोबदल्याच्या प्रश्नाकडे वळले. एक अंश सेल्सिअस तापण्यासाठी पाणी जवळजवळ ३६५ मीटर उंचीवरून पडावे लागेल, असे उत्तर त्यांनी १८४२ मध्ये दिले. आजचा आकडा सुमारे ४२७ मीटर आहे, पण त्या काळच्या वायूंच्या मापांवरून केवळ हिशेबाने काढलेले हे उत्तर पाहता मायर यांना हयातीत बराच काळ मिळालेली उपेक्षा अन्यायाचीच म्हणावी लागेल.

प्रयोगाची बाजू सांभाळली ती इंग्लंडमधील सॅलफर्डच्या एका मद्यनिर्मात्याचे पुत्र जेम्स जूल यांनी. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातील पितळी वल्ही फिरवून ते तापमानातील अंशाच्या लहान लहान भागांची वाढ मोजत. नायगाऱ्याचे पाणी पडून सुमारे एक पंचमांश अंश फॅरनहाइटने तापत असावे, असा त्यांचा कयास होता. विवाहानंतरच्या प्रवासातही ते आल्प्समधील धबधब्याकडे तापमापक घेऊन निघाले होते, अशी आठवण भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी सांगितली आहे. हाच हिशेब गोदावरीवरील सोमेश्वरच्या धबधब्याला लावला आणि उंची १० मीटर धरली, तर वाढ येते ०.०२३ अंश सेल्सिअस. तुषारांचे बाष्पीभवन आणि वारा पाणी त्याहून अधिक थंड करू शकतात, त्यामुळे तेथे तापमापक बुडवून हा नियम कोणाला सापडला नसता. जूल यांनी बंद पात्राचा आग्रह का धरला, हेही त्यावरून कळते.

१८४७ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी या विचाराला गणिती व्यापकता दिली. १८५० मध्ये क्लाउझिउस यांनी तो नेमक्या रूपात मांडला: दिलेली उष्णता ही आंतरिक ऊर्जेतील (पदार्थाच्या आत साठलेल्या ऊर्जेतील) वाढ आणि केलेले कार्य यांच्या बेरजेइतकी असते.

शरीरापासून निघालेला प्रश्न शतकाच्या अखेरीस पुन्हा शरीराकडे आला. रुबनर यांनी कुत्र्यावर आणि त्यानंतर अमेरिकेत ॲटवॉटर व रोझा यांनी खोलीवजा उष्णतामापीत माणसांना ठेवून खाल्लेल्या अन्नातील ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा पडताळली, तेव्हा दोन्ही बाजू फारच जवळ आल्या. आज बेदाण्याच्या पाकिटावर छापल्या जाणाऱ्या कॅलरींमागील प्रतिग्रॅम कर्बोदकांना ४, प्रथिनांना ४ आणि स्निग्धांना ९ किलोकॅलरी हे ठोकताळे ॲटवॉटर यांच्याच कामातून आले. वजन कमी करण्याच्या चर्चेत ‘खाल्लेले वजा खर्चलेले’ हे सूत्र सर्रास पुढे केले जाते आणि ते बरोबरही आहे. मात्र भूक का वाढली, किंवा कमी खाल्ल्यावर शरीराने स्वतःचा खर्च किती आवरता घेतला, याबद्दल त्या समीकरणात एकही पद नाही. ती उत्तरे शरीरक्रियाशास्त्राकडून घ्यावी लागतात.