निवडुंगाला नुसती वाळू आणि कडक ऊन? नाही!

‘वाळवंटातलं झाड, वाळूत लावा, भर उन्हात ठेवा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी कितीतरी चांगली रोपं हकनाक मरतात. वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. निवडुंगांचं माहेर अमेरिका खंड, आणि तिथे बहुतेक जाती खडकाळ, मुरमाड जमिनीत वाढतात. बारीक वाळू कुंडीत दाबून बसते, मुळांना हवा मिळत नाही, पोषण तर जवळपास शून्य. आपली काळी माती त्याहून वाईट, ती पाणी धरून ठेवते.

कुंडीत भरायच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग जाडसर वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). उरलेल्यात पोयटा आणि थोडं मुरलेलं गांडूळखत. कुंडीला भोक हवंच.

उन्हाचंही तसंच. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातला अवाढव्य सग्वारो निवडुंगसुद्धा लहानपणी बहुधा दुसऱ्या झाडाच्या सावलीत वाढतो. नर्सरीच्या जाळीखालून आणलेलं रोप थेट मेच्या गच्चीवर ठेवलं की भाजतं, आणि ते डाग कायमचे राहतात. सकाळचं ऊन द्या, हळूहळू वाढवा. ख्रिसमस कॅक्टस तर ब्राझीलच्या दमट जंगलातला, त्याला गाळीव उजेडच हवा. पावसाळ्यात मात्र सगळ्याच कुंड्या आडोशाला घ्या.