टेन्शनच्या खात्यात गेलेली झोप : ग्रामीण विदर्भातल्या निद्रानाशाची पार्श्वभूमी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत "मले टेन्शन आहे" असं सहसा कोणी म्हणत नाही. आधी कंबर, मग ॲसिडिटी, मग हातापायाला मुंग्या. हे सगळं सांगून झालं की उठता उठता, चप्पल शोधताना निघतं, "अन् डॉक्टरसाहेब, रातभर डोयाले डोया लागत नाही." मागे लाइन लागलेली असते. "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून चिठ्ठीवर एक गोळी वाढते. झोपेची तक्रार टेन्शनच्या खात्यात टाकायची आणि गोळीने मिटवायची, ही रीत आली कुठून हे पाहिलं तर बरंच काही उलगडतं.

जुन्या काळी झोपेला कमी लेखलं जात नव्हतं. चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले त्यात आहाराच्या जोडीला निद्रा आहे. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बळ-दुर्बळता झोपेवर अवलंबून असतात, असं सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात म्हटलं आहे. झोप न येणाऱ्याला म्हशीचं दूध सांगितलंय, आणि दिवसा झोपण्याची मनाई उन्हाळ्यापुरती सैल केली आहे. ज्याने अकोल्याचा किंवा चंद्रपूरचा मे महिना काढलाय त्याला ही सूट वेगळी समजावून द्यावी लागत नाही. घरोघरी जायफळ उगाळून देणं, काशाच्या वाटीने तळपाय घासणं चालायचंच. त्यात एक वाईट चालही होती. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला अफूची बारीक गोळी देऊन आई कामाला जायची. १८९३ साली नेमलेल्या अफूविषयक रॉयल कमिशनपुढे देशभरातून साक्षी झाल्या, त्यात या प्रथेचीही चर्चा झाली. म्हणजे गोळी देऊन झोपवणं ही काही आजची गोष्ट नाही.

आधुनिक गोळीचा प्रवास १९०३ मध्ये बार्बिटल हे झोपेचं औषध बाजारात आलं तिथून सुरू होतो. बार्बिट्युरेट गटाच्या या गोळ्या जरा जास्त झाल्या तर जीव जायचा. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम आलं, ती त्या मानाने सुरक्षित ठरली आणि जगभर पसरली. त्यांची सवय लागते, मात्रा वाढत जाते, अचानक बंद केल्यास झोप आधीपेक्षा जास्त बिघडते, हे कळायला बराच काळ गेला. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन अनुसूचीत आहेत. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची. नियम चांगला आहे. पण जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं तीच पट्टी नेणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतील.

गोळ्यांच्या बाजारापासून दूर, प्रयोगशाळेत दुसराच विचार चालला होता. १९५३ मध्ये शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर हलण्याचा टप्पा शोधला. झोप म्हणजे मेंदूचा दिवा विझणं, हा समज तिथे मोडला. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडलं की झोप न येता अंथरुणावर तळमळत राहिलं की मेंदू अंथरुणाचीच गाठ जागरणाशी बांधतो. म्हणून झोप येईल तेव्हाच पडायचं, नाही आली तर उठायचं. पुढे १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी निद्रानाशाची कारणं तीन थरांत लावली: मुळातला कल, निमित्त, आणि तो टिकवून धरणाऱ्या सवयी.

हा तिसरा थर आपल्या गावात नेऊन बघा. निमित्त बँकेच्या नोटिशीचं असतं, किंवा बोंडअळीचं, किंवा पोरीच्या लग्नाचं. नोटीस येते, चार रात्री झोप उडते, यात आजार काहीच नाही. पण मग माणूस काल झोप झाली नाही म्हणून आठलाच बाज गाठतो, अकरापर्यंत आढ्याकडे बघतो, उठून खर्रा घोटतो. खर्र्यातली तंबाखू मेंदूला जागं करणारी, सुपारीही तशीच. दोनला मोबाइल बघतो, पहाटे डुलकी लागते, दुपारी निंबाखाली दोन तास काढतो. सहा महिन्यांनी कर्जाचं पुनर्गठन होतं, झोप मात्र परत येत नाही. कारण ती आता नोटिशीमुळे उडालेली नसते, नोटिशीनंतर लागलेल्या सवयींमुळे उडालेली असते. दारूचंही तसंच. पडल्या पडल्या झोप लागते म्हणून घेतात, आणि ती उतरताना उत्तररात्रीची झोप फोडते. झोपेची गोळी आणि दारू एका रात्री पोटात गेली तर श्वास थांबू शकतो, हे मात्र सवयीपलीकडचं.

वैद्यकशास्त्रानेही हे उशिराच मान्य केलं. नैराश्य किंवा चिंता असेल तर निद्रानाश हे त्याचं लक्षण, मूळ आजार बरा झाला की झोप येईल, अशीच शिकवण होती. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेत ही भाषा बदलली, आणि २०१३ च्या अमेरिकी मानसोपचार निदानसूचीने ती पक्की केली. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने, झोपायची पुरेशी संधी असूनही झोप नाही आणि दिवसा त्रास होतो, तर तो स्वतंत्र आजार, सोबत नैराश्य असो वा नसो. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचाराची पद्धत सांगितली.

याच वर्षांत विदर्भात काय चाललं होतं? शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या देशभर गाजत होत्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. व्याजमाफी, सिंचन, बियाणं अशा बाबी त्यात होत्या. मनाच्या आरोग्याचा कार्यक्रम त्यानंतर आला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी गेले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. राज्य सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ चा. ही कामं मोलाची होती, त्यांनी जीवही वाचवले असतील. पण त्यांच्या नजरेसमोर आत्महत्या आणि नैराश्य होतं, आणि ते साहजिकच होतं. झोप आली ती त्यांच्या मागून, लक्षण म्हणून.

त्यातही एक फरक कायम निसटतो. झोप न येणं वेगळं, झोपू न मिळणं वेगळं. आपल्याकडे कृषिपंपाची थ्री-फेज लाइन चक्राकार पद्धतीने यायची, दिवसाची पाळी आठ तासांची आणि रात्रीची दहा तासांची. हरभऱ्याला ओलीत करायचं तर रात्रीच्या पाळीत उठावंच लागतं. डिसेंबरची थंडी, पायात गमबूट, हातात बॅटरी, बांधावर साप असेल ही धास्ती. पुढच्या आठवड्यात पाळी दिवसाची. कारखान्यात याला शिफ्ट म्हणतात आणि भत्ता देतात. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं, त्यामुळे आठवडाभरात ते जुळतं न जुळतं तोच पाळी बदलते. त्यावर जागल, म्हणजे रात्रीची पिकाची राखण. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं कळपाने येतात, एका रात्रीत तुरीचं वावर आडवं करतात. कुंपणाला विजेचा झटका देणारी मशीन लावली तरी मचाणावर माणूस लागतोच. अशा माणसाला झोपेची गोळी देणं निव्वळ चुकीचं, त्याला रात्र हवी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठी आहे. जिथे ती नीट पोचेल तिथे गावाच्या झोपेसाठी तिचा उपयोग कुठल्याही औषधापेक्षा जास्त होईल असं मला वाटतं.

वर्तनोपचाराची पद्धत मात्र इथे जशीच्या तशी चालत नाही. 'झोप आली नाही तर दुसऱ्या खोलीत जा' असं ती सांगते. दोन खोल्यांत सात माणसं झोपत असतील तर दुसरी खोली कुठली? ओसरीवर किंवा अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसायचं, दिवा मंद, मोबाइल घरात, डुलकी आली की परत. अंथरुणातला वेळ मोजून कमी करण्याचा जो भाग आहे, त्यात सुरुवातीचे काही आठवडे दिवसा गुंगी येते. थ्रेशरवर काम करणाऱ्याने, ट्रॅक्टर चालवणाऱ्याने, फिट येणाऱ्याने तो स्वतःच्या मनाने करू नये. बाकी सगळ्यांना लागू पडणारी गोष्ट साधी आहे: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवायची. आणि मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकून दचकणारा माणूस 'टेन्शनवाला' नसतो. त्याची तपासणी वेगळी, आणि गोळीने त्याचा त्रास वाढतो.

पोरांकडे तर या सगळ्यात कोणाचं लक्षच गेलं नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला आठ ते दहा. वयात येताना मेंदूचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे दहावीचं पोरगं रात्री अकराला टक्क जागं असतं ते फक्त आगाऊपणाने नव्हे. कोरोनात शाळेसाठी म्हणून घरात मोबाइल आला आणि तो परत गेला नाही. राज्याने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, त्यामागे झोपेचंच कारण होतं. पण उन्हाळ्यात सकाळच्या शाळेवाचून विदर्भाला पर्याय नाही. घरं रात्रभर तापलेली, झोप लागायला शरीराचं तापमान उतरावं लागतं ते उतरत नाही, कुलरची लाइट मध्येच जाते, आणि सकाळी सातला शाळा.

लहान मूल रात्री उठून रडलं की नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळतात. ओवाळा, त्याने काही बिघडत नाही. पण सोबत चार गोष्टी बघा. बुडाशी खाज येते का, कारण सूतकृमी रात्रीच बाहेर येतात आणि जंताच्या गोळीने जातात. पाय चाळवतं का, कारण रक्तात लोह कमी असलं की तसं होतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या दुखण्याने उठतं का, पूर्व विदर्भात हे विचारायलाच हवं. आणि घरात रात्री कशावरून भांडण होतं का. झोपेत किंचाळून उठलेल्या आणि कोणाला न ओळखणाऱ्या मुलाला हलवून जागं करू नये, जवळ बसावं, ते आपोआप निजतं. मोठ्यांची झोपेची गोळी अर्धी करून मुलाला देणं हा प्रकार अजूनही कानावर येतो. तो तितकाच धोक्याचा आहे जितकी अफू होती.

आता आशाताई घरी येऊन तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. बीपी, शुगर, कॅन्सरच्या प्रश्नांसोबत मनाविषयी दोन प्रश्न असतात: कशात रस वाटत नाही का, आणि उदास वाटतं का. वऱ्हाडातला गडी "नाही बा" म्हणून मोकळा होतो. झोपेचा प्रश्न त्या दोनांत नाही. तो सविस्तर प्रश्नावलीत तिसऱ्या क्रमांकावर आहे, पण तिथवर माणूस पोचतो तो या दोन प्रश्नांना "हो" म्हटल्यावरच. तिशीच्या आतल्यांसाठी तर हा फॉर्मच नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं. तिथे "मनाचा आजार आहे" असं सांगायची गरज नाही. "किती महिन्यांपासून झोप नाही" एवढ्यावर बोलणं सुरू होतं. मरायचे विचार येत असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगावं.