आम्लपित्त आणि घास अडकणे

जठरातले आम्ल उलटे अन्ननलिकेत चढणे, आणि घास खाली उतरताना मध्येच थांबणे किंवा चुकीच्या वाटेला जाणे, हे एकमेकांशी जोडलेले दोन त्रास आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पहिल्याला सरसकट ‘पित्त’ म्हणतात. दुसऱ्याबद्दल ‘ठसका लागतोय’, ‘घास उतरत नाही’ एवढेच बोलले जाते. पहिल्यावर दुकानातून आणलेली गोळी घेतली जाते, दुसरा वयावर ढकलला जातो. दोन्ही एकाच घशात चालू असू शकतात हे अनेक घरांत फार उशिरा ध्यानात येते.

घोटाळ्याचे मूळ ‘पित्त’ या शब्दातच आहे. शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा कडू, हिरवट-पिवळा रस. आम्ल वेगळे, ते जठराच्या अस्तरात तयार होते. बोलीत मात्र छातीतली जळजळ पित्त, आंबट-करपट ढेकर पित्त, अंगावर उठणाऱ्या गांधी पित्त, आणि उन्हातून आल्यावर अर्धे डोके ठणकून उलटी होते तेही पित्तच. यातल्या गांधी बहुतेक वेळा ॲलर्जीच्या असतात आणि ते डोके बहुधा अर्धशिशीचे. जठरातल्या आम्लाने ते होत नाहीत. घशात बोटे घालून ‘पित्त काढून टाकण्याची’ सवय या गैरसमजातूनच टिकली आहे. तिने क्षणभर हलके वाटते, पण दर वेळी वर आलेल्या आम्लाने दातांचे कवच झिजते आणि अन्ननलिका सोलवटते.

अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब, म्हणजे वीतभराहून जराशी जास्त असते. छातीतून उतरून ती श्वासपटलातल्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यातल्या, छिद्रातून जठराला मिळते. त्या जोडावर स्नायूंचे गोल कडे असते. घास आला की ते सैल होते, एरवी आवळलेले राहते. ते अवेळी सैल पडले, किंवा जठराचा वरचा भाग छातीत सरकला (हायटस हर्निया), की आम्ल वर चढते. जठराचे अस्तर ते सोसते, अन्ननलिकेचे सोसत नाही. माणूस उभा असताना लाळ आणि गुरुत्वाकर्षण मिळून आम्ल खाली नेतात. आडवे झाल्यावर ती उतरण राहत नाही, झोपेत लाळही कमी सुटते. म्हणून कुणाला मध्यरात्री खोकल्याने जाग येते, कुणाचा आवाज सकाळी बसलेला असतो. छातीत जळजळ नसतानाही असे होऊ शकते. मिरजेसारख्या गाण्याच्या गावात ही गोष्ट माहीत असलेली बरी.

या भागात दोष पहिल्यांदा तिखटाला दिला जातो. मिसळीचा कट, तांबडा रस्सा, खर्डा, कांदा-लसूण चटणी यांनी सोलवटलेली अन्ननलिका झोंबते हे खरे. पण तिखट सगळ्यांनाच बाधते असे नाही. कटावर तरंगणारे तेल जास्त नडते, कारण तेलातुपाने जठर उशिरा रिकामे होते. त्याहूनही जास्त नडते ती वेळ. शेतीपंपाची वीज अनेक गावांत पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीची पाळी असली की माणूस उशिरा जेवतो, दारे धरतो (पिकाला पाणी देतो) आणि परत येऊन तसाच अंथरुणावर पडतो. पाटण-जावळीकडची भाताची लावण असो की बागायतीतली भांगलण, भरल्या पोटी कंबरेत वाकून काम केले की पोटावरचा दाब वाढतो. घट्ट आवळलेली परकराची नाडी किंवा पट्टाही तेच करतो. त्यात उपाशीपोटी दोन-तीन चहा, आणि तंबाखूची किंवा मिश्रीची सवय. तंबाखूतल्या निकोटिनने अन्ननलिका आणि जठर यांच्या जोडावरचे कडे ढिले पडते.

उपायही तसेच साधे आहेत. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर, रात्री थोडे कमी जेवण, वाढलेले वजन उतरवणे, डाव्या कुशीवर झोपणे. खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली एकावर एक दोन-दोन विटा ठेवल्या की ती बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उचलली जाते. जमिनीवर झोपणाऱ्याने गादीखाली कंबरेपासून वरपर्यंत उतरती फळी द्यावी. नुसत्या उशा रचल्याने मान आणि पोट दुमडते, फायदा होत नाही. थंड दुधाने थोडा वेळ शांत वाटते, पण दुधातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे पुन्हा आम्ल सुटते. खाण्याच्या सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या रुग्णाने तो रोज घेऊ नये. ‘पित्ताची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जेवणानंतर किंवा चहाबरोबर घेतल्या तर त्यांचा पुरता उपयोग होत नाही. वर्षानुवर्षे डॉक्टरांना न विचारता त्या चालू ठेवल्या तर बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, आणि माळकरी घरांत ते आधीच कमी असण्याची शक्यता असते. अंगदुखीची गोळी दोन घोट पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे होणेही वाईट. ती अन्ननलिकेतच चिकटून तिथे जखम करू शकते.

दोन बाबतींत थांबू नये. छातीतली जळजळ चालताना, चढ चढताना वाढते, घाम फुटतो, जबडा किंवा डावा हात भरून येतो, तेव्हा ‘गॅस झाला असेल’ म्हणत घरी बसू नये. आधी ईसीजी काढावा. आणि घास अडकू लागला, वजन उतरले, काळी शी झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. ‘दुर्बीण घालणे’ या शब्दाचीच अनेकांना धास्ती वाटते. तपासणी मात्र काही मिनिटांची असते. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरजेत उपचारांची मोठी परंपरा आहे. सीमेपलीकडचे उत्तर कर्नाटकातले रुग्णही तिथे येतात.

घास अडकण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत झाली तर जिवावर बेतते. अन्ननलिकेत घास अडकलेल्या माणसाला छातीत दाटते, लाळही गिळता येत नाही, पण तो श्वास घेतो आणि बोलतो. वर्षानुवर्षांच्या आम्लाने अन्ननलिकेला व्रण पडून ती आकसलेली असते आणि यात्रेच्या जेवणात मटणाचा एखादा तुकडा तिथे बसतो. तो खाली ढकलायला वरून केळे किंवा कोरड्या भाकरीचा घास देतात. हे करू नये, दवाखाना गाठावा. आधी भाकरी अडायची, मग भात, मग पाणीही, असे वाढत गेले तर कर्करोगाची शंका घेऊन तपासणी झालीच पाहिजे. सुरुवातीपासूनच पाणी आणि भाकरी दोन्ही अडत असतील तर दोष बहुधा अन्ननलिकेच्या हालचालीत असतो. घशात नुसता गोळा असल्यासारखे वाटते आणि जेवताना तो जातो, ही गोष्ट वेगळी. ती बहुतेक वेळा घातक नसते.

दुसरा प्रकार श्वासनलिकेचा. गिळताना साधारण एक सेकंद श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासाची वाट बंद होते. पक्षाघात, कंपवात, तोंडा-घशाचा कर्करोग आणि त्याचे उपचार यांनंतर ही वेळ चुकते. तेव्हा सगळ्यांत अवघड ठरते ते पाणी, कारण ते घशात सर्वांत वेगाने पळते. पाणी पिताना ठसका, जेवणानंतर घोगरा, ओला आवाज, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया ही त्याची चिन्हे. काहींना तर ठसकाही लागत नाही आणि अन्न निमूट फुप्फुसात उतरते. गुंगीतल्या आजारी माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडणे मायेपोटी होते, पण त्यानेच न्यूमोनिया होऊ शकतो.

इथे खरी कसोटी स्वयंपाकघराची असते. आमटीत भाकरी कुस्करून दिलेला काला मऊ दिसतो. पण पातळ आमटी पुढे निसटते आणि तुकडे तोंडातच राहतात. भाकरी पुरती भिजवून, घोटून एकजीव केली तर ती अडचण जाते. चमचा कलता केल्यावर गोळा एकसंध घसरावा आणि चमच्याला फारसा चिकटू नये, ही परीक्षा घरी करता येते. घोटलेली मुगाची खिचडी, नाचणीची खीर, दाटसर वरण उतरते. चुरमुरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, रव्याचा लाडू, साबुदाण्याचा चिकट गोळा टाळावा. किती दाट द्यायचे आणि हनुवटी छातीकडे झुकवायची की नाही, हे स्पीच थेरपिस्टने (बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञाने) तपासून ठरवायचे असते. एकाला लाभलेली युक्ती दुसऱ्याला बाधते. ताठ बसवून भरवावे, नंतर अर्धा तास आडवे करू नये, आणि दात-जीभ रोज स्वच्छ करावी, म्हणजे श्वासनलिकेत चुकून गेलेल्या लाळेतून कमी जंतू जातात.

सर्वांत जास्त दुखते ते पंगतीत. सावकाश जेवणारा म्हातारा माणूस पंगत उठायच्या धास्तीने घास कोंबतो, किंवा ‘भूक नाही’ म्हणून लग्नाला जायचेच टाळतो. ‘अण्णा, एवढा एक घास माझ्यासाठी’ हा आग्रह त्याच्यासाठी शिक्षा असते. त्याला खुर्ची-टेबल द्यावे, जेवताना बोलायला लावू नये, आणि त्याचे संपेपर्यंत घरातल्या कुणीतरी शेजारी बसून राहावे.

लहान मुलांच्या बाबतीत या भागात शेंगदाण्याची भीती मोठी आहे. शेंगा दारात, भडंग डब्यात, आणि रांगणारे मूल खाली. अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत; कूट चालते.

श्वास कोंडलेला माणूस गळ्याला हात लावतो, त्याला बोलता किंवा खोकता येत नाही. त्याला पाणी पाजू नये, न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोटे घालू नयेत. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. नाही सुटले तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबावे, आणि हे आळीपाळीने करत राहावे. गर्भवतीला पोटाऐवजी छातीवर दाबावे. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब. पोट दाबू नये. दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन लावावा. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब सुरू करावेत. वस्तू निघाली तरी, पोट दाबले असेल तर, आत इजा झाली नाही ना हे डॉक्टरांकडून त्याच दिवशी पाहून घ्यावे.