एनआरई आणि एनआरओ: खातेदार एकच, पैशाची वाट वेगळी

मी शारजात नोकरीला असताना एका दिवाळीनंतर वडील सोयाबीनची पट्टी आणि आडत्याने दिलेले बेचाळीस हजार रुपये घेऊन परभणीतल्या आमच्या बँकेत गेले आणि माझ्या खात्यात भरण्यासाठी त्यांनी स्लिप लिहून दिली. कॅशिअरने खाते क्रमांक पाहिला आणि "काका, हे एनआरई खातं आहे, ह्यात इथली रोख भरता येत नाही," असे म्हणून स्लिप परत सरकवली. माझे खाते बंद पडले असा वडिलांचा समज झाला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा मलाही नीट उत्तर देता आले नाही, कारण खाते उघडताना एजंटाने जिथे फुल्या मारल्या होत्या तिथे मी फक्त सह्या केल्या होत्या.

एनआरई (अनिवासी बाह्य) आणि एनआरओ (अनिवासी साधारण) या दोन खात्यांत गोंधळ होण्यासारखे पुष्कळ आहे. दोन्ही अनिवासी भारतीयाच्या नावाने असतात, दोन्ही रुपयांतच चालतात, दोन्हींत बचत खाते आणि मुदत ठेव असे प्रकार असतात आणि दोन्हींवर मिळणारा व्याजदर निवासी भारतीयाला त्याच मुदतीसाठी मिळणाऱ्या दरापेक्षा जास्त असू शकत नाही. ठेव विम्याचे ५ लाखांचे संरक्षणही एका बँकेतल्या एका ठेवीदाराला सगळ्या ठेवी मिळून आहे. खाती दोन म्हणून ते दुप्पट होत नाही. फरक आहे तो पैसा कुठून आला यात. एनआरई खात्यात परदेशातून आलेला पैसा जातो: पगार, तिकडची बचत, नोकरी सोडताना मिळालेली रक्कम. एनआरओ खात्यात भारतात उगवलेला पैसा जातो: नांदेडच्या फ्लॅटचे भाडे, शेअरवरचा लाभांश, वडिलोपार्जित शेतीचे उत्पन्न, इथली पेन्शन. माझ्या वडिलांच्या हातातली मोंढ्याची रोकड या दुसऱ्या खात्याची होती.

हा नियम परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे बोलीभाषेतला 'फेमा', या चौकटीतला आहे आणि तिथेच लोकांची पहिली चूक होते. वाळूजच्या कंपनीत काम करताना उघडलेले पगाराचे साधे बचत खाते माणूस दुबईला गेल्यावरही वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवतो. वास्तविक नोकरीसाठी देश सोडल्यावर ते खाते एनआरओ म्हणून बदलून घ्यावे लागते. "मी १८२ दिवस बाहेर राहिलो की मग बघू" हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण दिवस मोजण्याची ती पद्धत प्रामुख्याने आयकराची आहे; फेमा माणूस बाहेर कशासाठी गेला हे पाहतो आणि नोकरीसाठी गेलेल्याला गेल्यापासूनच अनिवासी धरतो. एकच व्यक्ती एका कायद्यात अनिवासी आणि दुसऱ्यात निवासी असू शकते.

खरी रक्कम हलते ती कराच्या बाबतीत. फेमानुसार अनिवासी असेपर्यंत एनआरई खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असते. एनआरओवरचे व्याज करपात्र असून त्यातून बँक ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के, आधीच कापून घेते. दहा लाखांच्या ठेवीवर वर्षाला ७० हजार व्याज मिळाले असे धरले, तर एनआरईमध्ये ते सगळे हातात येते आणि एनआरओमध्ये २१,८४० रुपये कापले जाऊन ४८,१६० उरतात. निवासी ज्येष्ठांप्रमाणे साधा फॉर्म भरून ही कपात टाळण्याची सोय अनिवासीला नाही. मात्र ही कपात म्हणजे अंतिम कर नव्हे: भारतातले एकूण उत्पन्न करमर्यादेच्या खाली असेल, तर विवरणपत्र भरून पैसे परत मागता येतात आणि आखातातला आपला माणूस नेमका तेवढाच कंटाळा करतो. संयुक्त अरब अमिरातीतल्या रहिवाशाने तिथल्या कर-निवासाचा दाखला वेळेवर दिला, तर दोन्ही देशांतल्या करारानुसार व्याजावरची कपात १२.५ टक्क्यांवर येऊ शकते; वरच्या उदाहरणात ती ८,७५० रुपये होते. शेतीचे उत्पन्न स्वतः करमुक्त असले, तरी ते एनआरओ ठेवीत टाकल्यावर मिळणारे व्याज करमुक्त राहत नाही, ही बारीक गोष्टही ध्यानात ठेवावी.

एनआरईमधून एनआरओत पैसा केव्हाही वळवता येतो, पण त्यामुळे त्या रकमेचे एनआरईपण संपते. उलट दिशेने, किंवा एनआरओमधून थेट परदेशी, पैसा न्यायचा असेल तर त्यावरचा कर भरल्याची कागदपत्रे आणि बहुधा सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते, आणि एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरची मर्यादा असते. एनआरईतले मुद्दल आणि व्याज मात्र केव्हाही बाहेर नेता येते. जाहिरातींत याच मोकळिकीचा फार डंका पिटला जातो. ज्याला शेवटी सेलूला किंवा उदगीरलाच परतायचे आहे, त्याला ती क्वचितच उपयोगी पडते. त्याच्यासाठी करमाफी हाच एनआरईचा मोठा गुण आहे. एनआरईच्या मुदत ठेवीची किमान मुदत एक वर्ष असते आणि त्याआधी मोडल्यास काहीही व्याज मिळत नाही, म्हणून दवाखान्यासारख्या अडचणीसाठीची रक्कम त्यात अडकवू नये.

निवृत्तीचा विचार इथूनच सुरू होतो, कारण अमिरातीत परदेशी कामगाराला सरकारी पेन्शन नाही. मिळते ती सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यानंतर दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन, असा तिचा सर्वसाधारण हिशेब आहे. ३,००० दिरहॅम मूळ वेतनावर बारा वर्षे काम केलेल्याला ३१५ दिवसांचे, म्हणजे ३१,५०० दिरहॅम मिळतात. भत्ते त्यात धरले जात नाहीत, त्यामुळे एकूण पगार पाहून मनात मांडलेला आकडा बहुधा चुकतो. उरलेले म्हातारपण स्वतःच्या बचतीवर काढायचे असते आणि ती बचत बहुतेकांची एनआरई ठेवीत असते.

ती ठेव आयुष्यभर करमुक्त राहील हा समज मला सर्वांत महागाचा वाटतो. कायमचे परतल्यावर ते खाते निवासी म्हणून बदलून घ्यायचे असते आणि परतल्यापासूनचे व्याज करपात्र होते. बराच काळ बाहेर काढलेल्यांना आयकरात साधारण दोन-तीन वर्षे 'निवासी पण सामान्य निवासी नाही' हा दर्जा मिळू शकतो. त्या काळात एफसीएनआर, म्हणजे अनिवासीने परकीय चलनातच ठेवलेल्या, ठेवीवरचे, किंवा परतलेल्यांसाठीच्या आरएफसी या परकीय चलन खात्यातल्या ठेवीवरचे व्याज करमुक्त राहते, पण एनआरईच्या रुपयांना ही सवलत लागू नाही. म्हणून परतीचे तिकीट काढण्याच्या वर्षभर आधी काही रक्कम परकीय चलनातल्या ठेवीत ठेवण्याचा विचार करावा; विनिमय दराची चढउतार सोसण्याची तयारी मात्र हवी.

मी हे केले नाही. परतल्यावर घराच्या बांधकामाच्या गडबडीत बँकेला कळवायलाही सहा महिने उशीर केला. बँकेच्या नोंदीत खाते एनआरईच असल्यामुळे व्याजातून एक पैसाही कापला गेला नव्हता, आणि त्या सहा महिन्यांचे व्याज विवरणपत्रात स्वतः दाखवून त्यावरचा कर मला एकरकमी भरावा लागला.