चौकात सायकल : मीटर आणि सेकंदांचा हिशेब

आमच्याकडून नवी सायकल नेणाऱ्या आणि सर्व्हिसिंगसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक. वाहतूक डावीकडून चालते असे धरून ते लिहिले आहे. उजवीकडून चालत असेल तिथे दिशा उलट समजाव्यात.

सायकलला इंजिन नसले तरी ते वाहन आहे. १९६८ च्या रस्ता वाहतुकीच्या व्हिएन्ना करारानेही ती वाहनांतच धरली आहे. त्यामुळे मोटारीला जो लाल दिवा, तोच सायकलला. काही ठिकाणी कायद्यानेच सूट दिलेली असते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९८२ पासून ‘थांबा’ फलकापाशी, रस्ता मोकळा असेल तर, सायकलस्वार वेग कमी करून न थांबता पुढे जाऊ शकतो. अशी सूट नसेल तिथे ती आपणच घेऊन टाकायची नसते.

पिवळा दिवा

सर्वांत जास्त चुकतो तो पिवळा. हा दिवा साधारण ३ ते ५ सेकंद राहतो आणि हा काळ मोटारींच्या वेगावरून ठरवलेला असतो. ताशी ५० किमी वेगाची मोटार २५ मीटर रुंदीचा चौक दोन सेकंदांच्या आत ओलांडते. ताशी १५ किमी वेगाच्या सायकलला त्याच चौकाला ६ सेकंद लागतात. म्हणजे पिवळा संपता संपता तुम्ही थांबरेषा ओलांडलीत, तर आडव्या रस्त्याला हिरवा मिळतो तेव्हा तुम्ही अजून चौकाच्या मधोमध असता. दोन दिशांच्या मध्ये सगळीकडे लाल ठेवण्याची सोय असली, तरी ती बहुधा एकदोन सेकंदांचीच. सायकलला ती पुरत नाही.

मग थांबायचे कुठे? ताशी २० किमी वेगात दिवा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर जातात. कोरड्या रस्त्यावर ब्रेकला आणखी सुमारे ४ मीटर लागतात. एकूण १० मीटर धरा, म्हणजे अडीच मोटारींची लांबी. चौकाकडे येताना थांबरेषेच्या अलीकडे तेवढ्या अंतरावरची एखादी खूण मनाशी धरावी: खांब, झाड, काहीही. खुणेच्या अलीकडे असताना पिवळा लागला तर थांबायचे. खूण मागे पडली असेल तर न रेंगाळता पायडल मारत पार व्हायचे. मधेच विचार बदलून करकचून ब्रेक लावणे सर्वांत वाईट, कारण मागच्या मोटारवाल्याने तुम्ही जाणार असे गृहीत धरलेले असते. लांबूनच हिरवा दिसत असलेला दिवा कधीही बदलेल असे समजून वेग थोडा उतरवावा. ओला रस्ता असेल तर खूण दुप्पट लांब धरावी.

थांबताना आणि निघताना

गिअरची सायकल असेल तर थांबण्याआधीच हलक्या गिअरवर या. चेन एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर सरकते ती पायडल फिरत असतानाच. उभ्या सायकलवर खटका दाबला तर निघताना चेन कडकडते, कधी उतरतेही. हबच्या आत गिअर असलेल्या सायकलींना ही अडचण नाही. उभे असताना एक पाय जमिनीवर आणि दुसऱ्या बाजूचे पायडल पुढे, थोडे वर, घड्याळातल्या दोनच्या काट्याजवळ. पहिलाच दाब जोरात बसतो आणि सायकल डुगडुगत नाही. निघताना डुगडुगणारी सायकल शेजारच्या दुचाकीच्या हँडलला लागते, बहुतेक वेळा इतकेच घडते, पण पडायला तेवढे पुरते. सीट इतकी उंच ठेवू नका की टेकायला खाली उडी मारावी लागेल.

थांबायचे ते थांबरेषेच्या मागे, झेब्रा क्रॉसिंगवर नाही. क्रॉसिंगवरून पलीकडे जायचे असेल तर उतरून सायकल हाताने न्यावी. उतरलात की तुम्ही पादचारी.

मोठ्या गाड्या

ट्रक किंवा बस सिग्नलला उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये, कितीही जागा दिसली तरी. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती कोपऱ्याकडे आत कापत येतात, आणि मोकळी वाटणारी जागा बघता बघता बंद होते. ओळखण्याची सोपी खूण: आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशा वेळी मागेच उभे राहावे.

रस्त्यावरची जागा

कडेला अगदी चिकटून चालवू नका. कडेपासून अर्धा ते पाऊण मीटर आत राहिलात की खड्डा चुकवायला जागा उरते. उभ्या मोटारींच्या ओळीपासून किमान १ मीटर लांब, कारण दार उघडते ते मागे न पाहताच. लेन इतकी अरुंद असेल की मोटार आणि सायकल शेजारी मावत नाहीत, तर तेवढ्यापुरते मध्यभागी यावे. उलट दिशेने तर चालवूच नये: गल्लीतून बाहेर येणारा ड्रायव्हर उजवीकडे पाहतो, तुम्ही येता डावीकडून.

उजवीकडे वळताना आधी मागे पाहा, मग हात दाखवा, आणि प्रत्यक्ष वळताना दोन्ही हात हँडलवर. गर्दीच्या मोठ्या चौकात दोन टप्प्यांत वळणे बरे. हिरव्यावर सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्याशी थांबून सायकल उजवीकडे फिरवा, आणि त्या रस्त्याला हिरवा मिळाला की निघा. वेळ थोडा जास्त जातो, पण वाहनांच्या रांगा कापत आत शिरावे लागत नाही.

दिवा बदलतच नसेल तर

काही सिग्नल रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावर चालतात. वर धातू आला की तारेतला विद्युतप्रवाह बदलतो आणि वाहन आल्याचे यंत्रणेला कळते. डांबरात कापून बुजवलेली चौकोनी रेघ दिसली तर वेटोळ्याच्या मधोमध नव्हे, बाजूच्या रेघेवरच दोन्ही चाके ठेवून उभे राहा. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या रिमने काम होते, कार्बनच्या रिमने नाही. सायकलला लोहचुंबक लावण्याचा सल्ला ऐकिवात असतो. त्याचा उपयोग नाही.

ब्रेक

वरचा १० मीटरचा हिशेब चांगल्या ब्रेकचा आहे. थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो, कारण थांबताना वजन पुढे सरकते. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते आणि सायकल उशिरा थांबते. दोन्ही एकदम, पुढचा हळूहळू वाढवत दाबावा. पावसात रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत रबर पकड घेत नाही, म्हणून चौकाच्या बरेच आधी एकदा ब्रेक हलकेच टेकवून ठेवावा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल, किंवा ब्रेकच्या रबरावरच्या खाचा बुजल्या असतील, तर सायकल आमच्याकडे घेऊन या.