बाँडवर सही झाली म्हणजे ट्रॅक्टर आपला झाला का?

उन्हाळी नांगरट तोंडावर आली की बीड-परभणीकडं जुन्या ट्रॅक्टरचे सौदे रंगतात. सोबत एक ठरलेलं वाक्यही असतं: "बाँडवर लिहून घ्या, नोटरी करा, झालं."

होत नाही. बाँड म्हणजे पैसे दिल्याचा कागद. मालक कोण, हे आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30. परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी.

यात विकणाराच जास्त गाफील असतो. हाच ट्रॅक्टर पुढं उसाच्या ट्रॉल्या ओढताना कुणाला धडकला, तर भरपाईची नोटीस आरसीवर नाव असलेल्याला येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये नवीन कुमारच्या खटल्यात हेच ठरवलं. गाडी मधल्या काळात कितीही हात फिरलेली असो.

घेणाऱ्यानं आरसीवरचा बोजा बघावा. कर्ज फिटलं असलं तरी फायनान्सवाल्याच्या सहीचा फॉर्म 35 आरटीओत दिल्याशिवाय बोजा उतरत नाही. रंग आणि टायर नंतर बघा. रंग तर विकायच्या आदल्या आठवड्यातच मारलेला असतो.