पडदा आणि मुलांची दृष्टी : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

पडद्यावरच्या चित्रांनी मुलांची मते घडतात का, याची शिस्तशीर तपासणी दूरचित्रवाणी घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, चित्रपटगृहांच्या काळातच सुरू झाली होती. अमेरिकेत पेन फंड या खासगी निधीसंस्थेच्या साहाय्याने १९२९ ते १९३२ या वर्षांत झालेल्या अभ्यासांपैकी एक आजही नीट समजून घ्यावा असा आहे. इलिनॉय राज्यातल्या क्रिस्टल लेक या गावातील शाळकरी मुलांची कृष्णवर्णीयांविषयीची मते आधी प्रश्नावलीतून नोंदवली गेली, मग त्यांना कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण करणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट दाखवण्यात आला आणि त्यानंतर पुन्हा मते तपासण्यात आली. ती ठळकपणे प्रतिकूल झाली होती. पाच महिन्यांनी विचारले, तेव्हाही तो कल पूर्णपणे पुसला गेलेला नव्हता. त्या गावात कृष्णवर्णीय माणसे जवळजवळ राहतच नव्हती. ज्यांच्याशी कधी गाठ पडली नाही, त्यांच्याविषयीचा ग्रह एका चित्रपटाने तयार करून दिला, ही गोष्ट मला पुढच्या साऱ्या वादापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

पुढचा वाद मात्र बराच काळ हिंसेभोवतीच फिरत राहिला. त्याच्या केंद्रस्थानी आले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचे हवेने फुगवलेल्या बाहुल्यावरचे प्रयोग. १९६१च्या पहिल्या प्रयोगात मोठे माणूस मुलांदेखत त्या बाहुल्याला आडवे पाडून त्याच्यावर बसे, नाकावर ठोसे मारी, लाकडी हातोडीने बडवी. नंतर खेळायला सोडलेली बरीचशी मुले तसेच करू लागली. १९६३मध्ये हेच दृश्य चित्रफितीवर दाखवले, तरी अनुकरण झाले. तथापि १९६५चा प्रयोग या दोहोंहून बोलका आहे. चित्रफितीतल्या माणसाला शेवटी बक्षीस मिळाले, शिक्षा झाली किंवा काहीच झाले नाही, असे तीन शेवट वेगवेगळ्या मुलांना दाखवले गेले. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. मग, पाहिलेले करून दाखवलेस तर बक्षीस मिळेल, असे सांगताच तिन्ही गटांतला हा फरक नाहीसा झाला. म्हणजे शिक्षेने मुलांचा हात आवरला होता. शिकणे थांबले नव्हते. ‘शेवटी दुष्टाला शिक्षा होतेच ना’ हे समर्थन किती अपुरे आहे, हे इथे स्पष्ट दिसते. असला बाहुला मुळात ठोसे मारण्यासाठीच बनवलेला असतो आणि प्रयोगशाळेतली काही मिनिटे म्हणजे मुलाचे आयुष्य नव्हे, हे आक्षेपही तितकेच रास्त आहेत.

एखाद्या दृश्याऐवजी वर्षानुवर्षांच्या पाहण्याकडे लक्ष वेधले ते अमेरिकेतील संज्ञापनाचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्यांच्या संशोधनातून असे मांडले गेले की, पुष्कळ दूरचित्रवाणी पाहणारा माणूस हिंसक होईलच असे नाही, पण जग आहे त्याहून अधिक धोक्याचे आहे असे त्याला वाटू लागते. पडदा मुलाला काय करायला लावतो, यापेक्षा त्याला काय साहजिक वाटायला लावतो, या प्रश्नाकडे अभ्यास इथे परतला.

त्या दृष्टीने फिजीमधील नाद्रोगा प्रांताचे उदाहरण लक्षणीय आहे. तिथे भरलेली अंगकाठी चांगली मानली जात असे. १९९५मध्ये दूरचित्रवाणी आली आणि अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी व पुन्हा १९९८मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या विकृत वृत्ती दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण या काळात १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि समाजही अन्य अंगांनी बदलत होता, त्यामुळे सारे खापर एका पडद्यावर फोडता येणार नाही. परंतु मालिकांमधल्या नायिकांसारखे दिसावे, असे मुली स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या.

कायद्याने या प्रश्नात हात घातला तो मुख्यतः जाहिरातींच्या वाटेने, कारण लहान मुलांना कार्यक्रम आणि जाहिरात यांतला फरक, आणि त्याहीपुढे जाहिरातीमागचा हेतू, उमगत नाही हे मान्य होऊ लागले होते. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८०पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील सतराव्या कलमाने मुलांचा माहिती मिळवण्याचा हक्क आणि अपायकारक मजकुरापासून त्यांचे संरक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. हे नियम आखले जात असताना कार्यक्रमाला ठरलेली वेळ होती आणि जाहिरात कार्यक्रमाच्या मध्ये येत असे. आज मुलाच्या हातातल्या पडद्यावर आवडता चेहरा खेळता खेळताच वस्तू विकतो, आणि जाहिरात नेमकी कुठे सुरू झाली हे शेजारी बसलेल्या आईवडिलांनाही सांगता येत नाही.